लष्करी जनरेटर एवढे धिप्पाड का असतात, आणि खरंच जास्त टिकतात का?

ठिणगी

माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वीज गेली की सगळं ठप्प, म्हणून जनरेटर घ्यायचा विचार चालू आहे. परवा लिलावात निघालेला एक लष्करी जनरेटर बघायला गेले होते. हिरवा रंग, पाटीवर १० किलोवॅट, वजन अर्ध्या टनाच्या वर. हलवायला फोर्कलिफ्टच लागणार. शेजारच्या शेडमध्ये एक पेट्रोल जनरेटर होता, ८ किलोवॅट लिहिलेला, खाली दोन चाकं. तो दोघांनी गप्पा मारत ढकलत नेला.

मला हा हिशोब काही लागत नाही. दोन किलोवॅटसाठी वजन पाचपट? नुसतं लोखंड जाड वापरलंय की आत खरंच काही वेगळं आहे? आणि दुसरं म्हणजे, "मिलिटरीचा माल आहे, कधी मरत नाही" असं तिथे जो तो सांगत होता. सांगणाऱ्यांपैकी एकानेही तो कधी चालवलेला नव्हता. इथे कोणी अशा मशिनांवर प्रत्यक्ष काम केलंय का?

फुकट_सल्ला

सोपं आहे. पैसा सरकारचा, वाहायला ट्रक सरकारचा, उचलायला जवान सरकारचे. वजन कमी करायची गरज कोणाला? जाड चादर, जाड चॅनल, वर हिरवा रंग. तुम्ही एखादा चांगला इन्व्हर्टर जनरेटर घ्या आणि मोकळ्या व्हा.

जुना_फिटर

फुकट_सल्ला, चादर जाड असते हे खरं. पण त्या अर्ध्या टनात चादरीचा वाटा फारसा नाही. माझी उमेदीची वर्षं लष्करी वर्कशॉपात गेली, नंतर भाड्याने डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, देणाऱ्या एका कंपनीत. दोन्ही जातीची मशिनं पार उघडून पाहिलेली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. वैतागू नका.

ताई, पाटीवर किलोवॅटच्या शेजारी आरपीएम लिहिलेला असतो, तो पाहिलात का? सगळी मेख तिथे आहे. ५० हर्ट्झ वीज काढायची तर दोन पोलचा, म्हणजे दोन चुंबकी ध्रुवांचा, अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) ३००० आरपीएमने फिरवा, नाहीतर चार पोलचा १५०० ने. ६० हर्ट्झला हेच आकडे ३६०० आणि १८००. चाकांवरचा पेट्रोल जनरेटर जवळजवळ नक्की दोन पोलचा. मधल्या आकाराचे लष्करी डिझेल सेट चार पोलचे. आता १० किलोवॅट १५०० आरपीएमवर काढायचे तर शाफ्टवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ३००० वर ३२. अल्टरनेटरचा आकार किलोवॅटवर नाही, टॉर्कवर ठरतो. वायंडिंगवाले 'डी स्क्वेअर एल' म्हणतात ते हेच, म्हणजे रोटरच्या व्यासाचा वर्ग गुणिले लांबी. वेग अर्धा केलात की लोखंड आणि तांबं साधारण दुप्पट झालं. कोणी उधळपट्टी केलेली नाही, गणितच तसं आहे.

इंजिनाचंही तेच. उदाहरण अमेरिकन सेटचं देतो, कारण त्यांची मॅन्युअल्स कोणालाही वाचायला मिळतात. एमईपी-८०३ए हा त्यांचा १० किलोवॅटचा 'टॅक्टिकल क्वाएट' सेट. आत चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं लिस्टर-पेटर एलपीडब्ल्यू४, म्हणजे १.८६ लिटरचं इंजिन. सेटचं वजन सुमारे ५३५ किलो. लांबी १५७ सेंटिमीटर, रुंदी ८१, उंची ९३. उलट पाच-साडेपाच किलोवॅटच्या पेट्रोल सेटवर सर्रास बसणारं होंडा जीएक्स३९० हे ३८९ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. लिटरमागे किती वीज काढताय ते बघा: तिकडे सव्वापाच-साडेपाच किलोवॅट, इकडे तेरा-चौदा. छोटं इंजिन दुप्पट वेगाने पळतंय आणि शिवाय जवळपास पूर्ण दमात पळतंय. दिवाळं कोणाचं आधी निघेल हे वेगळं सांगायला नको.

आता पाटीवरच्या आकड्याबद्दल. दोन्हीकडे 'किलोवॅट' असं लिहिलं असलं तरी कबुली वेगवेगळी असते. औद्योगिक सेटची पाटी आयएसओ ८५२८ प्रमाणे असते. त्याची मूळ अट हवा २५ अंश, दाब १०० किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या जरा वर. त्यातही ईएसपी, पीआरपी, सीओपी असे प्रकार. ईएसपी हा आणीबाणीपुरता आकडा, वर्षाला २०० तास आणि सरासरी लोड ७० टक्के. पीआरपी हा बदलत्या लोडवर हवे तितके तास. सीओपी हा सतत एकसारख्या लोडवर. एकाच मशिनला हे तीन आकडे असतात आणि विकणारा त्यातला सगळ्यात मोठा मोठ्या अक्षरात छापतो. पेट्रोलच्या छोट्या सेटवर तर बऱ्याचदा 'मॅक्स'च लिहिलेला असतो, जो काही मिनिटं टिकला तरी पुष्कळ.

लष्करी सेटला उणे ३२ पासून अधिक ४९ अंशांपर्यंत काम करता आलं पाहिजे, अशी अट असते. ४९ अंश म्हणजे काय ते रेडिएटरला विचारा. कूलंट ९५ अंशांवर धरलं आणि बाहेर २५ असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७० अंशांचा फरक हाताशी आहे. बाहेर ५० झालं की ४५ च उरतो. तेवढीच उष्णता टाकायला रेडिएटर आणि हवेचा झोत मिळून दीडपटीच्या वर लागतो. त्यात डोंगरावर जायचं. ४००० मीटरवर हवेची घनता खालच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात पडते. म्हणून खाली सपाटीवर हे मशिन कायम अर्ध्या झोपेत असल्यासारखं वाटतं. तो आळस नव्हे, वर गेल्यावर लागणारी शिल्लक आहे.

त्रिफेज

जुना_फिटर यांच्या टॉर्कच्या गणिताला दुजोरा. पण तुलनाच चुकीची चालली आहे असं माझं मत. पेट्रोलच्या ढकलगाडीशी लष्करी डिझेल का ताडून बघायचा? १०-१२ केव्हीएचा कोणताही नागरी सायलेंट डिझेल सेट घ्या, १५०० आरपीएमचा, कॅनोपीसकट, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीसकट. तोही चारशे-पाचशे किलोच्या आसपास भरतो. मग लष्करी म्हणून वेगळं काय राहिलं?

इंजिनं तर नागरीच आहेत. लिस्टर-पेटर बाजारात मिळत होतं, पंपांवरही बसत होतं. अमेरिकनांच्या ३० आणि ६० किलोवॅटच्या सेटमध्ये जॉन डिअर आहे, ट्रॅक्टरवालं. ३ किलोवॅटच्यात यानमारचं एका सिलिंडरचं. नंतर आलेली अँप्स ही त्यांच्या लष्करी जनरेटरांची नवी मालिका कमिन्सने केली. लष्करासाठी म्हणून वेगळं इंजिन ओतणारा कारखाना कुठे नसतो. कशाला ओतेल?

जुना_फिटर

त्रिफेज, इंजिनाबद्दल शंभर टक्के मान्य. पिस्टनला हिरवा रंग कोणी देत नाही. फरक इंजिनाच्या भोवताली आहे, आणि तो डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळतो.

साधं ऑइल बदलायचं काम घ्या. छोट्या पेट्रोल सेटला ऑइलचा ड्रेन बोल्ट क्रँककेसच्या तळाशी, अगदी फ्रेमच्या पाइपाला चिकटून. बोल्ट सोडला की ऑइल आधी पाइपावर, तिथून रबरी बुशावर, तिथून तुमच्या चपलेवर. शेवटचं पावशेर काढायला अख्खा सेट कलंडवायचा. आता ८०३ए सारख्या सेटचं बघा. ड्रेनची नळी बाजूला आणलेली, तिला व्हॉल्व्ह, खाली डबा धरा आणि फिरवा. दारं मोठी, दोन्ही बाजूंनी उघडणारी, फिल्टर हाताच्या अंतरावर. दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा पत्र्याच्या पाटीवर पक्का डकवलेला. कागद नाही, भिजायचा नाही, हरवायचा नाही. हातमोजे घातलेल्या, झोप न झालेल्या पोराला अंधारात जमलं पाहिजे, या हिशोबाने सगळी मांडणी. या मोकळ्या जागेपायी पेटी मोठी होते. नागरी कॅनोपीत हीच जागा वाचवतात, आणि मग फॅन बेल्ट बदलायला अर्धी कॅनोपी उतरवावी लागते.

दुसरं, स्टार्टिंग २४ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बॅटरी बसली तर बाहेरच्या अंगाला एक गोल सॉकेट असतं, स्लेव्ह रिसेप्टॅकल म्हणतात. कुठल्याही लष्करी ट्रकमधून जाड केबल लावून सेल्फ मारता येतो.

तिसरं इंधन. अमेरिकन सैन्याने १९८८ पासून रणांगणावर एकच इंधन हे धोरण धरलं. ते इंधन म्हणजे जेपी-८. विमानाचं जेट ए-१ आणि त्यात बर्फ होऊ न देणारी, गंज रोखणारी, स्थिर वीज घालवणारी ॲडिटिव्ह्ज. मुळात रॉकेलचाच भाऊबंद. डिझेलपेक्षा वंगण कमी, लिटरमागे ऊर्जाही थोडी कमी. त्यावर फ्युएल पंप चालला पाहिजे आणि तरी पाटीवरचे किलोवॅट निघाले पाहिजेत. पेट्रोल इंजिन या धोरणात बसतच नाही, म्हणून अगदी २ किलोवॅटचा सेटसुद्धा डिझेलचा. परिणाम बघा: अमेरिकनांचा २ किलोवॅटचा एमईपी-५०१ए ६३ किलोच्या आसपास, आणि होंडाचा २.२ किलोवॅटचा ईयू२२००आय इन्व्हर्टर २१ किलोच्या आसपास. इथे मात्र फुकट_सल्ला यांना अर्धा मार्क. ज्याला आठवड्याच्या सुट्टीत दोन दिवे आणि एक पंखा चालवायचाय, त्याने ते ६३ किलो उगाच का वाहावेत?

चौथं म्हणजे आवाज आणि रेडिओ. 'क्वाएट' या नावाची अट ७ मीटरवर ७० डेसिबल. नागरी कॅनोपीवाले आज सहज गाठतात, छोटे इन्व्हर्टर तर त्याहून शांत. पण शेजारी रेडिओ संच आणि रडार असतं, तेव्हा जनरेटरने विद्युत खरखर सोडून चालत नाही. मिल-एसटीडी-४६१ नावाचं मानक त्यासाठीच आहे. फिल्टर, कपॅसिटर, शिल्ड केलेल्या वायरी, दाराच्या कडेला जोडणीच्या पट्ट्या. यानेही वजन वाढतं, आणि तुमच्या वर्कशॉपात त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि एक बटण, जे नागरी सेटवर मी अजून पाहिलेलं नाही. पॅनेलवर झाकणाखाली 'बॅटल शॉर्ट' नावाचा स्विच असतो. ऑइलचं प्रेशर पडलं, पाणी उकळलं, तर सेट स्वतःहून बंद होतो ना? हा स्विच वर केला की होत नाही. ओव्हरस्पीड आणि शॉर्ट सर्किट सोडलं तर बाकी संरक्षणं बाजूला. इंजिन जळालं तरी चालेल पण वीज आत्ता हवी, असा प्रसंग असतो, त्यासाठी. "मिलिटरीचा माल कधी मरत नाही" म्हणणाऱ्यांना हे बटण दाखवावं. इंजिन मारायची सोय बनवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

ठिणगी

काका, खूपच छान सांगताय. बटणाचं वाचून हसले.

पण मग टिकाऊपणाचं काय? इंजिन नागरी, वर मारायचा स्विचही आहे, तर तो जास्त टिकतो असं लोक का म्हणतात? सगळ्या अफवाच का?

फुकट_सल्ला

अर्धा मार्क मिळाला, आभारी आहे. उरलेला अर्धा कुठे अपील करायचा?

जुना_फिटर

अपील फेटाळलं.

ताई, अफवा नाहीत. फक्त श्रेय चुकीच्या जागी दिलं जातं. तीन गोष्टी सांगतो, तिसरी लोक सांगत नाहीत.

कमी आरपीएम हे खरं कारण. रिंगा, लायनर, बेअरिंग यांची झीज फेऱ्यांवर आणि उष्णतेवर जाते. छोट्या पेट्रोल इंजिनांवर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची चिठ्ठी असते. त्यात मोठ्या गटातल्या इंजिनांना २५०, ५०० किंवा १००० तास असा आकडा असतो. तो प्रदूषण मर्यादेत राहण्याचा काळ आहे, इंजिनाचं आयुष्य नव्हे, हे लक्षात घ्या. पण बनवणारा किती तासांच्या गोष्टी करतो याचा अंदाज येतो. १५०० वर चालणारं पाण्याचं डिझेल नीट सांभाळलं तर हजारोंच्या भाषेत बोलतं. आणि हे लष्करी असण्याचं बक्षीस नाही. त्रिफेज म्हणतात तसं नागरी १५०० आरपीएम डिझेललाही ते तसंच मिळतं.

दुसरी गोष्ट माणसांची. ८०३ए चं ऑपरेटरचं मॅन्युअल टीएम ९-६११५-६४२-१०. त्यात सुरू करण्याआधी, चालू असताना आणि बंद केल्यावर काय काय बघायचं याचा तक्ता आहे. ऑइल, कूलंट, बेल्ट, गळती, एअर फिल्टरचा इंडिकेटर, सगळं ओळीने. त्याच्या वरच्या दुरुस्तीचं मॅन्युअल वेगळं, -२४ शेपटीचं. कुठलं काम कोणत्या पातळीवर करायचं हे ठरलेलं, त्या पातळीला लागणारा सुटा भाग नंबरासकट साठ्यात. आमच्याकडे लॉगबुकात सही नसली की सेट चांगला चालू असला तरी उभा करायचे. मी तरुण असताना या प्रकाराला मनसोक्त शिव्या घातल्या आहेत. नंतर भाड्याच्या कंपनीत आलो, तिथे ऑइल काळं डांबर झाल्यावर फोन यायचे. तोच ब्लॉक, तीच रिंग, आयुष्य अर्धं. टिकाऊपणा त्या वहीत होता. लिलावात सेट मिळतो, वही आणि साठा मिळत नाही.

आता तिसरी. लष्करी सेट सर्वात जास्त कशाने खराब होताना पाहिले? गोळीने नाही, धुळीनेही नाही. रिकामे चालल्याने. ३० किलोवॅटचा सेट, आणि त्यावर चार दिवे, एक संगणक, एक चहाची किटली. डिझेल इंजिनाला लोड नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही. ते न जळलेलं डिझेल, ऑइल आणि काजळी मिळून एक्झॉस्टमध्ये साचतं. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. असा सेट उघडलात की मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कडेने काळा चिकट ओघळ आलेला दिसतो, सायलेन्सरच्या कोपऱ्यातून थेंब गळत असतो, आणि बोट लावलं तर तीन दिवस जात नाही. नोझलच्या तोंडावर कोळसा. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आरशासारखा चकचकीत. म्हणजे ऑइल धरायला मुद्दाम घासून पाडलेल्या होनिंगच्या रेघा गेल्या, ऑइल धरणार कुठे? धूर पांढरट निळा. लोड बँक, म्हणजे वीज नुसती उष्णतेत घालवणारा कृत्रिम लोड, लावून काही तास चांगला तापवला तर सौम्य केस सुधारते. बोअर एकदा काचेसारखा झाला की मग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली डिझेल फार वेळ चालवू नये म्हणतात ते यासाठी.

हे एकट्या आमच्या वर्कशॉपचं दुखणं नव्हतं. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकनांचं हेच झालं. प्रत्येक तंबूचा, प्रत्येक तुकडीचा आपापला जनरेटर, बहुतेक अर्धे रिकामे धडधडत. त्यांच्या डिफेन्स सायन्स बोर्डाच्या २००८ च्या अहवालात आर्मीच्या इंधनाचा हिशोब आहे. शांततेच्या काळात जनरेटर वर्षाला २ कोटी ६० लाख गॅलन पितात, युद्धात ३५ कोटी ७० लाख. रणगाडे, विमानं, ट्रक यांतल्या कुठल्याही एका गटाहून जास्त. आणि ते इंधन टँकरच्या काफिल्याने जाणार, त्या काफिल्यांवर हल्ले होणार. म्हणून पुढची अँप्स मालिका आली. ती जुन्या सेटपेक्षा सरासरी २१ टक्के इंधन वाचवते, असं आर्मी सांगते. वजनही कमी केलं. म्हणजे "वजन कमी करायची गरज कोणाला" याचं उत्तर त्यांना रस्त्यावर मिळालं होतं.

त्रिफेज

वेट स्टॅकिंगचा मुद्दा नागरी लोकांनाही तितकाच लागू. इमारतीला "पुढे लागेल" म्हणून दुप्पट मोठा डीजी घेतात आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं बिनलोडचा फिरवून "टेस्ट झाली" लिहितात. तो दहा मिनिटांचा विधी न केलेला बरा.

ठिणगी, तुम्ही बघितलेल्या सेटवर फ्रिक्वेन्सी काय लिहिली होती? हे आधी विचारायला हवं होतं.

जुना_फिटर

त्रिफेजने नेमकं धरलं. ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं. ८०३ए चा एक जुळा भाऊ आहे, एमईपी-८१३ए. तसाच डबा, तसाच रंग, १० किलोवॅटच. पण वीज ४०० हर्ट्झ. विमानांच्या आणि काही क्षेपणास्त्र-रडार यंत्रणांच्या कामाची. फ्रिक्वेन्सी वाढवली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान करता येतो, म्हणून विमानात तीच वापरतात. तुमच्याकडे त्याचा उपयोग शून्य. जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशिन लावलंत तर त्याचा इंडक्टिव्ह रिॲक्टन्स, म्हणजे गुंडाळीचा प्रवाहाला होणारा अडथळा, ५० हर्ट्झच्या आठपट होणार. रॉड नुसता चिकटत बसेल, आर्क धरणार नाही. ग्राइंडरची इंडक्शन मोटर नीट उचलणारच नाही. लिलावात ४०० हर्ट्झवाले हमखास स्वस्तात जातात, ते याच कारणाने.

पाटी ५०/६० असेल तर पुढे जा. नुसत्या अवर मीटरवर भरवसा ठेवू नका. मोठ्या दुरुस्तीनंतर मीटर बदललेला असू शकतो. रबराच्या नळ्या बघा, विशेषतः डिझेलच्या. वर्षानुवर्षं उभ्या सेटला इंजिन आधी सोडत नाही, रबर सोडतं. त्या नळ्यांतून हवा ओढली की सेट चालू होऊन दोन मिनिटांत दम तोडतो, आणि लोक पंप बदलत बसतात. अल्टरनेटरला मेगर, म्हणजे वायंडिंगचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावल्याशिवाय सेल्फ मारू देऊ नका. ओल धरलेल्या वायंडिंगवर एकदम व्होल्टेज उभं केलं तर जी चूक वाळवून सुटली असती ती रिवाइंडिंगवर जाते.

आउटपुटला घरगुती सॉकेट नसतं, जाड लग असतात, एल० ते एल३. सिंगल फेज, थ्री फेज जोडणी आतून बदलता येते. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, न्यूट्रल आणि अर्थिंगसकट. आणि वर्कशॉपच्या लाइनला चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नका. बाहेर खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात तुमची वीज जाते.

आकार तुमच्या कामाला बरा आहे. १० किलोवॅट ०.८ पॉवर फॅक्टरला म्हणजे १२.५ केव्हीए. एक वेल्डिंग आणि एक ग्राइंडर झेपेल, आणि लोडही तीस टक्क्यांच्या वर राहील. फक्त दिवे आणि पंख्यासाठी तो चालू ठेवायचा नाही. त्यासाठी बॅटरीवरचा इन्व्हर्टर ठेवा.

ठिणगी

आज परत जाऊन आले. पाटीवर ५०/६० आहे, हुश्श. मीटर जवळजवळ कोरा. डिझेलच्या नळ्यांना दाबल्यावर भेगा दिसल्या, एक तर टोकाशी ओली होती. दार उघडल्यावर नकाशाची पाटी बघितली, काकांनी सांगितलं तशीच. बॅटल शॉर्टच्या स्विचचं झाकण तुटलेलं आहे आणि स्विच वरच आहे!

मेगरचं विचारलं तर "गरज नाही, परवाच चालवलाय" म्हणाले. लोड लावून दाखवा म्हटलं तर म्हणे रिकामा चालवून दाखवू, आवाज ऐका.

त्रिफेज

रिकामा तर कोणीही चालतो.

जुना_फिटर

बॅटल शॉर्ट वर आणि मीटर कोरा, ही जोडी मला पसंत नाही. कोणीतरी ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा ट्रिप टाळून चालवलाय, किंवा सेन्सरच मेलाय आणि दुरुस्त करायचा कंटाळा केलाय. दोन्हींत इंजिनावर काय गेलं असेल ते मीटर सांगणार नाही.

त्यांना सांगा की लोड तुम्ही आणता. चार हॅलोजन आणि दोन-तीन हीटर मिळून सहा-सात किलोवॅट होतात, तेवढा पुरे. स्विच खाली करून सुरू करायचा, पाऊण तास चालवायचा. आधी पांढरा धूर येईल तो जाऊ द्या. गरम झाल्यावरही निळा राहिला, किंवा ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस वाफ आली, तर रिंगा गेल्या. लोड एकदम काढून परत टाका आणि व्होल्टमीटर, फ्रिक्वेन्सी मीटर बघा. काटा हलून लगेच जागेवर आला पाहिजे, डुलत राहिला तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) किंवा व्होल्टेज रेग्युलेटरचं काम निघणार.

लोड लावूच देत नसतील तर त्याची किंमत भंगाराच्या भावाने धरा, किंवा १५०० आरपीएमचा नागरी डिझेल सेट बघा, पीआरपी रेटिंग लेखी मागून. त्याचे फिल्टर आणि नळ्या निदान कुठेही मिळतील.